व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीने एकटीने क्रूझवर जाताना कोणती केबिन घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की अपघातानंतर चार वर्षे तुम्ही व्हीलचेअरवर आहात आणि पुढच्या वर्षी सिंगापूरहून एकटीने क्रूझला जायचे ठरवले आहे. बाल्कनीची केबिन घ्यावी, बिनखिडकीची आतली घ्यावी, की एकट्या प्रवाशांसाठी असते ती स्टुडिओ केबिन घ्यावी, हे ठरत नाही. प्रश्नाच्या शेवटी तुमचे एक वाक्य आहे: "घरचे म्हणतात, सोबत कुणाला तरी ने, म्हणजे कोणतीही केबिन चालेल." त्या वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले. कोणतीही केबिन चालत नाही. सोबत चार माणसे असली तरी चालत नाही, आणि हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही.

मला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. पन्नाशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांच्या आधारे मी ठाण्याहून लोकलने बँकेत जात राहिले; मग खांदे निकामी होऊ लागले आणि व्हीलचेअर आली. २०१८ साली थोरल्या भावाची साठी झाली, त्यानिमित्त सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ ठरली. दादा, वहिनी, पुतण्या, त्याची बायको आणि मी असे पाच जण होतो. मी तेव्हाच म्हटले होते की माझ्यासाठी ॲक्सेसिबल, म्हणजे अपंगांच्या सोयीच्या, केबिनची चौकशी करा. ट्रॅव्हल एजंटने सांगितले की जहाजावर सगळीकडे लिफ्ट आहेत, काळजीचे कारण नाही. दादा म्हणाला, "अगं, केबिन काय, फक्त झोपायला असते. आणि आम्ही आहोत ना, उचलू की तुला."

पहिल्या संध्याकाळी माझी खुर्ची केबिनच्या दारातच अडली. खुर्चीची रुंदी साडेचोवीस इंच होती आणि दाराची मोकळी जागा तेवीस. मला उचलून पलंगावर बसवले आणि खुर्ची घडी करून आत घेतली, कारण कॉरिडॉरमध्ये काहीही ठेवता येत नाही असे कर्मचाऱ्याने नम्रपणे सांगितले, आणि त्याचे बरोबरच होते. आत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये ती उघडून ठेवायला जागा नव्हती. बाथरूमचे दार आणखी अरुंद होते, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून त्याला जवळजवळ पाच इंचांचा उंबरा होता. म्हणजे बाथरूमला जायचे तर पुतण्याने काखेत हात घालायचे, वहिनीने पाय धरायचे, आणि दोघांनी आडवे होऊन मला त्या दारातून आत न्यायचे. पुतण्या तेव्हा तिशीचा होता. तो मला आत बसवायचा, बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहायचा आणि मी हाक मारली की डोळे जमिनीकडे ठेवून परत यायचा. त्याने तीन दिवसांत एकदाही कुरकुर केली नाही, आणि मला तेच सर्वांत जड गेले. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी चारनंतर पाणी पिणे बंद केले. रात्रीच्या जेवणात सूप घेतले नाही, सकाळचा चहा दुपारवर ढकलला. घरी परतल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग झाला आणि दहा दिवस औषध घ्यावे लागले. व्हीलचेअर वापरणाऱ्या बायकांना पाणी न पिण्याचा हा उपाय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तुम्हीही तो कधीतरी केला असेल.

दादाच्या फोटोंमध्ये ती सहल अतिशय सुंदर दिसते. आजही तो म्हणतो, "काय अडलं तुझं? सगळीकडे नेलं की नाही?" त्याने मला लहानपणी शाळेचे दोन जिने पाठीवर घेऊन चढवले आहे आणि त्याचे ऋण मी विसरलेले नाही. परंतु उचलून नेणे आणि जाता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला मी पाच वर्षे पटवू शकले नाही. म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात, भाचीकडे सिएटलला गेले असताना, मी सात रात्रींची अलास्काची क्रूझ एकटीने केली.

त्या वेळी मी केबिन कशी निवडली ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचे जेवढे उत्तर माझ्याकडे आहे ते त्यात आहे. सर्वप्रथम मी स्वतःची खुर्ची मोजली. माप सीटचे घ्यायचे नसते. चाकांना हवा भरलेली असताना, हाताने चाक फिरवायची जी बाहेरची कडी असते, त्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत घ्यायचे आणि त्यात बोटांसाठी दोन्ही बाजूंना इंचभर जागा धरायची, नाहीतर दार पार होते आणि बोटांची साले निघतात. लांबी पाय ठेवायच्या पट्ट्या धरून मोजायची. मग कंपनीच्या विशेष साहाय्य विभागाला ईमेल लिहिला. 'ॲक्सेसिबल' या एका शब्दावर अजिबात विसंबू नका. अनेक कंपन्यांमध्ये याच नावाखाली दोन-तीन प्रकार असतात. एक प्रकार पूर्णवेळ व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी असतो. मोठ्या कंपन्यांच्या अशा केबिनचे दार साधारण ३२ इंच मोकळे मिळते, आत खुर्ची पूर्ण वळवायला ५ फूट व्यासाची जागा असते आणि शॉवरमध्ये उंबरा न ओलांडता खुर्ची थेट जाते. दुसरा प्रकार काठी किंवा वॉकर घेऊन चार पावले चालू शकणाऱ्यांसाठी असतो; तिथे आधाराला धरायचे दांडे बसवलेले असतात, परंतु खुर्ची फिरत नाही. काही जहाजांवर तिसराही प्रकार असतो, ज्यात पलंगाच्या एकाच बाजूला खुर्ची नेता येते. मी कमोडवर डावीकडून सरकते, त्यामुळे दांडा आणि मोकळी जागा कोणत्या हाताला आहे हे मी केबिन क्रमांकासह लेखी मागितले. पलंगाची गादीसकट उंची मागितली. शॉवरच्या घडीच्या बाकावर बसल्यावर हातशॉवरपर्यंत हात पोहोचतो का, तेही विचारले.

मला मिळालेली केबिन आतली होती, खिडकी नव्हती. एकटीच असल्यामुळे पलंग भिंतीला सरकवायला आणि सोफ्याशेजारचे टेबल बाहेर काढायला सांगितले. दहा मिनिटांत काम झाले आणि वळायला ऐसपैस जागा झाली. हे आधी कळवले तर बहुतेक जहाजांवर करून देतात, आणि एकट्या प्रवाशाला याचा लाभ सर्वाधिक होतो. केबिनचे दार आगरोधक असल्याने जड होते आणि आपोआप मिटत होते. पहिल्या दिवशी मी ते खुर्चीच्या पाठीने ढकलून उलटी आत शिरायला शिकले. रात्री जहाज डोलू लागले तेव्हा लक्षात आले की ब्रेक लावलेली खुर्चीसुद्धा पलंगापासून हातभर दूर सरकू शकते, आणि आपण एकटे असलो तर तेवढे हातभर अंतर पुरेसे धोक्याचे असते. तेव्हापासून मी खुर्ची ओढणीने पलंगाच्या पायाला बांधून झोपत असे. तुम्ही एक पट्टा घेऊन जा.

त्या सात दिवसांत मी हवे तेव्हा पाणी प्यायले. पहिल्या सकाळी बाथरूमचे दार मी स्वतः आतून लावले आणि शॉवरखाली पाऊण तास बसले. अलास्कातल्या स्कॅगवे बंदराला गेल्यावर सोन्याच्या शोधाच्या काळात, १८९८ साली बांधायला घेतलेल्या व्हाइट पास रेल्वेत बसले, तिथे खुर्चीसाठी लिफ्ट असलेला डबा आहे. परंतु दादाला मी प्रथम सांगितले ते शॉवरचे.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. बाल्कनीची साधी केबिन आणि आतली ॲक्सेसिबल केबिन यांत निवड असेल तर क्षणभरही विचार न करता आतली घ्या. समुद्र डेकवरूनही दिसतो. ॲक्सेसिबल आणि बाल्कनी दोन्ही परवडत असेल तर बाल्कनीच्या दाराला उंबरा आहे का, आणि असल्यास उतार लावून मिळतो का, हे विचारूनच पैसे भरा. स्टुडिओ केबिन मी तुम्हाला सुचवणार नाही. २०१० साली नॉर्वेजियन एपिक या जहाजावर त्या आल्या तेव्हा सुमारे १०० चौरस फुटांच्या होत्या, आणि खुर्ची वळवायला लागणारी पाच फुटांची जागाच त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा खाते. नंतरच्या काही जहाजांवर ॲक्सेसिबल स्टुडिओ आहेत, परंतु ते इतके थोडे असतात की तारखा त्यांच्या सोयीने ठरवाव्या लागतील. केबिन शक्यतो खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी आणि लिफ्टपासून जवळ घ्या. कंपनी आपल्या सोयीने क्रमांक देते अशा स्वस्त योजनेत बुकिंग करू नका. एकट्याला जवळजवळ दोघांचे भाडे पडते, हे खरे आहे. मी ते दिले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. परवडते का, हे मात्र तुमचे तुम्हीच ठरवू शकता. या केबिन संख्येने थोड्या असतात, आणि केवळ ऐसपैस मिळते म्हणून धडधाकट माणसेही त्या घेतात, ज्याचा मला मनापासून संताप येतो. म्हणून नऊ-दहा महिने आधी बुकिंग करा.

सोबतीच्या मुद्द्यावर तुमच्या घरच्यांना माझ्या नावाने सांगा की सोबत हा केबिनला पर्याय नाही. सोबत आनंदासाठी असावी. जो माणूस तुम्हाला दिवसातून सहा वेळा उंबऱ्यावरून उचलणार आहे त्याचीही सहल होत नाही, आणि तुमचीही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पेक्टर खटल्यात, १९९० चा तिथला अपंगत्वविषयक कायदा अमेरिकी समुद्रहद्दीतल्या परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही काही मर्यादांसह लागू होतो असे ठरवले. म्हणजे व्हीलचेअरवरच्या प्रवाशांनी हे न्यायालयात भांडून मिळवले आहे, कुणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही. सिंगापूरच्या फेरीत तुम्हाला त्या कायद्याचा आधार घेता येणार नाही, म्हणून तिथे प्रत्येक गोष्ट लेखी असणे अधिकच आवश्यक आहे.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. मी स्वतः खुर्चीवरून पलंगावर आणि कमोडवर सरकू शकते. हे उत्तर त्या गृहीतकावर उभे आहे. तुमची इजा मानेच्या पातळीवरची असेल आणि सरकायला, कपड्यांना किंवा कॅथेटरसाठी मदतनीस लागत असेल, तर जहाजावरचे कर्मचारी ती शारीरिक सेवा करत नाहीत, आणि मग पगारी मदतनीस बरोबर नेणे हेच योग्य आहे. तो वाद वेगळा आहे आणि त्यात मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने आहे. दुसरे म्हणजे, आगीच्या प्रसंगी लिफ्ट वापरता येत नाहीत. चढल्या दिवशीच स्वागतकक्षात जाऊन एकटी आहात हे नोंदवा आणि तुम्हाला जिन्यावरून कोण नेणार ते विचारा. मला दोन कर्मचारी आणि जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची दाखवण्यात आली, आणि त्यांना मी आनंदाने सांगितले की त्या वेळी मला अवश्य उचला. तिसरे, थायलंडमधल्या फुकेतला जहाजे अनेकदा पाटोंगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून लहान बोटींनी प्रवासी किनाऱ्यावर नेतात, आणि त्या बोटीत खुर्चीसह घेतीलच याची खात्री नसते. मलेशियातल्या पेनांग किंवा पोर्ट क्लांगला जहाज थेट धक्क्याला लागते. मार्ग निवडताना हे पाहा.

बुकिंगआधी त्याच क्रमांकाच्या केबिनचे फोटो मागा. बाथरूमचा फोटो नेहमी दार उघडे ठेवून काढलेला असतो आणि त्यात जागा प्रशस्त वाटते. दार आत उघडते, बाहेर उघडते की सरकते, आणि तुमच्या मापाची खुर्ची आत असताना ते पूर्ण बंद होऊन कडी लागते का, हा प्रश्न ईमेलमध्ये पहिल्या क्रमांकावर घाला.