टीएसएच लाल अक्षरात आहे, पण आधी फेरिटिन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सतत थकवा, केसगळती, म्हणून तपासण्या केल्या. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) ६.१ लाल अक्षरात, म्हणजे मर्यादेबाहेर आलं, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) १.१, हिमोग्लोबिन १२.१, सीरम आयर्न ९५ म्हणजे 'नॉर्मल', फेरिटिन ११, बी१२ २४०, व्हिटॅमिन डी १७. आता थायरॉइडची गोळी सुरू करावी का? मी डॉक्टर नाही, पण स्वतःचे आणि घरच्यांचे असे रिपोर्ट बरीच वर्षं वाचत आलोय, त्यावरून लिहितो.

टीएसएच क्षणभर बाजूला ठेवा. या कागदावरची सगळ्यात बोलकी ओळ फेरिटिनची आहे, आणि नेमकी तीच लाल नाही, कारण तुमच्या लॅबने खालची मर्यादा १० छापली आहे. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली कमतरता मानते, बरेच डॉक्टर तर ३० च्या खालीच धरतात. ताप, संसर्ग, सूज, लिव्हरचा त्रास यांत फेरिटिन उगाच वर गेलेलं दिसतं. उलट ते इतकं खाली दिसलं की व्यवहारात अर्थ एकच: साठा संपलाय.

मग सीरम आयर्न ९५ कसं? तुम्हीच लिहिलंय की सकाळी लोहाची गोळी घेतली आणि दोनेक तासांनी रक्त दिलं. सीरम आयर्न म्हणजे त्या घडीला रक्तातून फिरणारं लोह. ते दिवसभर वरखाली होतं आणि गोळीनंतर काही तास चढतं. त्या आकड्यावर विसंबू नका. हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही, कारण ते सर्वांत शेवटी घसरतं. तुमचा एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७९ आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारातली तफावत) १६ आधीच कुजबुजायला लागलेत. (एमसीव्ही कमी दिसला की थॅलेसेमिया मायनरचीही (लाल पेशी लहान करणारा आनुवंशिक दोष) शंका घेतात. एमसीव्हीला आरबीसीच्या, म्हणजे लाल पेशींच्या संख्येच्या, आकड्याने भागून उत्तर १३ च्या खाली आलं तर ती बळावते. तुमचं ७९ भागिले ४.७, म्हणजे १७ च्या आसपास. शिवाय फेरिटिन ११ समोर आहेच.)

खरा प्रश्न लोह जातंय कुठे हा आहे. पाळीत अंगावरून जास्त जातं का, मूळव्याध, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत का, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चालू ठेवल्या तर हिमोग्लोबिन सुधारल्याबरोबर थांबवू नका, साठा भरायला पुढे आणखी साधारण तीन महिने लागतात.

आता टीएसएच. ६.१ आणि फ्री टी४ मर्यादेत, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. एवढ्या एका रिपोर्टवर सहसा गोळी सुरू करत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी४ पुन्हा आणि सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडीज) बघतात. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, म्हणून दोन्ही वेळा साधारण एकाच वेळी रक्त द्या. केसांसाठी घेताय त्या गोळ्यांच्या डबीवर बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) किती आहे तेही वाचा. लॅबच्या काही तपासणी-किट्समध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि फ्री टी४ खोटं जास्त येतं. म्हणजे तुमचं खरं टीएसएच ६.१ हून जास्तही असू शकेल! तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा, डोस मोठा असेल तर लॅबला विचारून आणखी.

लोह आणि थायरॉइड या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्याही आहेत. थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि थायरॉइड मंदावलं की पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून लोह भरून मग टीएसएच परत बघणं मला जास्त पटतं. पुढेमागे थायरॉइडची गोळी लागलीच, तर ती आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही.

बी१२ २४० हा संशयाचा पट्टा आहे. २०० च्या खाली कमतरता, २०० ते ३०० मध्ये एमएमए किंवा होमोसिस्टीन यांपैकी एखादी रक्ततपासणी केली की उलगडा होतो. लोहाच्या कमतरतेने पेशी लहान होतात, बी१२ च्या कमतरतेने मोठ्या. दोन्ही असतील तर एमसीव्हीची सरासरी फसवते. हातापायांना मुंग्या येत असतील तर वाट पाहू नका, आणि बी१२ न बघता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका.

व्हिटॅमिन डी १७ कमीच आहे. डोस डॉक्टरांकडून घ्या, आपल्या मनाने मोठे डोस महिनोन् महिने नकोत. जुन्या रिपोर्टशी तुलना करताना एकक बघा: नॅनोमोलमधला आकडा नॅनोग्रॅमच्या अडीचपट असतो.

एकच अपवाद. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर वरचं 'दोन-तीन महिने थांबा' तुम्हाला लागू नाही. टीएसएचचे निकष तेव्हा वेगळे असतात, हा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.