वाचकांचे प्रश्न : परदेशी नोकरीला निघताना

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे. कंपनी मला तीन वर्षांसाठी अमेरिकेत डॅलसला पाठवत आहे. गावाकडील सहकारी बँकेत माझे बचत खाते व मुदत ठेवी आहेत, जून 2015 मध्ये उघडलेले पीपीएफ खाते आहे आणि म्युच्युअल फंडांत तीन एसआयपी चालू आहेत. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, ‘कुणाला काही कळवू नका, आहे तसे चालू द्या.’ हे योग्य आहे का?

उत्तर : सल्ला आपुलकीचा असला तरी कृपया तो मानू नका. नोकरीसाठी देश सोडला की ‘फेमा’ म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या दृष्टीने आपण अनिवासी ठरता. प्राप्तिकरातील 182 दिवसांचा हिशेब निराळा आहे आणि या दोहोंची गल्लत केल्यामुळेच पुष्कळ जण अडचणीत येतात. बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे भारतातील रुपयांचे खाते, या प्रकारात बदलून घ्यावे लागते. सगळ्याच सहकारी बँकांना अशी खाती ठेवण्याची परवानगी नसते, म्हणून शाखेत जाऊन आधी तेवढे विचारा. खाते क्रमांक बदलला, तर त्यावरून जाणारे विम्याचे हप्ते अडकतात, याचीही तजवीज करून ठेवा.

पीपीएफ मुदतीपर्यंत, म्हणजे मार्च 2031 अखेरपर्यंत, चालू ठेवता येते. अनिवासी असताना मुदत वाढवून मात्र मिळत नाही. त्याचे व्याज येथे करमुक्त असले तरी अमेरिकेत ते उत्पन्नात धरले जाते.

खरी काळजी म्युच्युअल फंडांची आहे. भारतीय फंडांना अमेरिकेचा करकायदा ‘पीफिक’ (परदेशी गुंतवणूक कंपनी) या कठोर करआकारणीच्या वर्गात टाकतो. प्रत्येक फंडासाठी दरवर्षी 8621 क्रमांकाचा स्वतंत्र फॉर्म भरण्याची वेळ येऊ शकते आणि त्या हिशेबाची फी कधी कधी नफ्याहून जड होते. शिवाय आपल्याकडील काही फंड कंपन्या अमेरिकेत राहणाऱ्यांची नवी गुंतवणूक स्वीकारतच नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की एसआयपी थांबवाव्यात आणि वर्ष उलटून गेलेली इक्विटी फंडांची युनिट्स निघण्यापूर्वीच विकावीत. सव्वा लाख रुपयांवरील नफ्यावर येथे 12.5 टक्के कर पडेल. पण तेथे राहून विकल्यास अमेरिका मूळ खरेदीच्या भावापासूनचा सगळा नफा मोजते.

भारतातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एका दिवशी जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी तेथे ‘एफबार’, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारे, विवरण द्यावे लागते. वडिलांच्या खात्यावर केवळ सोयीसाठी आपले दुसरे नाव लावलेले असेल, तर तेही खाते त्यात मोजले जाते. हे नाव निघण्यापूर्वी कमी करता आले, तर जरूर करावे.

प्रश्न : माझा मुलगा दुबईत नोकरी करतो. तो दरमहा पाठवतो त्या पैशांतून माझ्या नावावर ठेव करावी, असे तो म्हणतो. मला कर लागेल का? (एक भगिनी, चिपळूण)

उत्तर : मुलाने आईला दिलेल्या रकमेवर कर नाही, मग ती कितीही असो. ठेवीचे व्याज मात्र आपले उत्पन्न ठरते. घरखर्चापुरते पैसे आपल्या खात्यात येऊ द्यावेत. बचत त्याने स्वतःच्या एनआरई ठेवीत (परदेशातील कमाई ठेवण्यासाठी अनिवासींना मिळणारी रुपयांतील ठेव) करावी, कारण त्या ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असते आणि मुद्दल व व्याज त्याला हवे तेव्हा परदेशी नेता येते.