ग्रंथालयातले कर्मचारी वयानुसार पुस्तकं आणि चित्रपट सुचवतात. आमच्या घरात सात वर्षांपासून सत्तरीपर्यंत सगळे आहेत, तर त्यांचं कितपत ऐकावं?

सुचवणाऱ्याने आधी तुम्हाला काही विचारलं असेल तर जरूर ऐका. ‘वय ९ ते १२’ असली चिठ्ठी बघून जो पुस्तक काढून देतो, त्याचं ऐकू नका. ते काम चिठ्ठी करतेच आहे, त्याला माणूस कशाला?

मी बालविभागाच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली. तेराएक वर्षांचा एक मुलगा आईबरोबर यायचा. अडखळत वाचायचा. आमच्या वरिष्ठांनी वयाच्या तक्त्याप्रमाणे त्याला जाडजूड कादंबरी दिली, ती न उघडता परत आली. मग सशा-हरणांचं पुस्तक दिलं. ते त्याने काउंटरवर पालथं ठेवलं, कुणाला दिसू नये म्हणून. मी विचारलं, ‘‘अलीकडे शेवटपर्यंत बसून काय बघितलंस?’’ तर बर्फात अडकलेल्या जहाजाचा माहितीपट! ध्रुवसंशोधक शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बुडालं, तरी त्यावरची २८ च्या २८ माणसं वाचली, जहाजाचा सांगाडा २०२२ मध्ये तीन हजार मीटर खोल सापडला, हे सगळं त्यानेच मला ऐकवलं. त्या मोहिमेवर फ्रँक हर्ली हा छायाचित्रकार होता, त्यामुळे त्या फोटोंनी भरलेली पुस्तकं मिळतात. त्यातलं एक दिलं. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने फोटोखालचा मजकूर त्याला जड गेला नाही. नंतर ध्रुवप्रदेशांचं अख्खं कपाट त्याने संपवलं.

वरिष्ठांचं पालुपद एकच, ‘‘आधी चित्रपट दाखवला की पोरं पुस्तकाला हात लावत नाहीत.’’ वर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच नियमांपैकी १९३१ चा चौथा नियम ऐकवायचे: वाचकाचा वेळ वाचवा, म्हणून तक्ता! अहो, दोन प्रश्नांना मिनिट लागतं, नको त्या पुस्तकापायी वाचकाचा पंधरवडा फुकट जातो. आणि त्याच रंगनाथनांचा दुसरा नियम आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. त्यात वय कुठे आलं? आधी पुस्तक, मग चित्रपट हा हट्ट सराईत वाचणाऱ्यांचा. अडखळणाऱ्यावर तो लादू नये.

घरातल्या मोठ्यांसाठी नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंचा हिशेब मला पटतो. वयाच्या पन्नाशीपर्यंत पुस्तकाची पन्नास पानं वाचून बघा, त्यापुढे शंभरातून वय वजा करा. म्हणजे सत्तरीला तीस पानं. नाही रमलात तर खुशाल परत करा.

सात वर्षांच्या मुलासाठी मात्र चित्रपटाचं प्रमाणपत्र बघाच. अर्थात त्यावरून मूल रमेल की नाही ते कळत नाही, आणि सगळ्यांना चालणाऱ्या चित्रपटानेही एखादं रात्रभर झोपत नाही. पुस्तकातलं नको ते पान मूल उलटतं, पडद्यावर तेवढी सवड नसते. तेव्हा आधी स्वतः बघा. आणि हो, काउंटरवरच्यानेही सगळं वाचलेलं नसतं. ‘‘हे तुम्ही वाचलंय का?’’ असं बेधडक विचारा. आमचे वरिष्ठ या प्रश्नावर फार चिडायचे.