पार्माजवळचं चीज आणि हॅम: आदल्या रात्री लवकर झोपा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑक्टोबरात मिलानहून फ्लॉरेन्सला जाताना मधे दोन दिवस मोकळे आहेत, छोटे चीज बनवणारे आणि मटणवाल्यांची दुकानं बघायचीत, टूरवाले माणशी वाट्टेल ते पैसे मागतायत, आणि सोबत सासूबाई आहेत ज्या अंडंसुद्धा खात नाहीत. मी नोकरीनिमित्त मोदेनाजवळ तीन वर्षं होतो, घरून जो कोणी आला त्याला ही चक्कर मारून आणलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते दोन दिवसांत सहा ठिकाणांचं वेळापत्रक फाडून टाका. एक चीजवाला, एक हॅमवाला, गावातलं एक दुकान, बास झालं. मुक्काम पार्मात करा, मिलान-बोलोन्या रेल्वेलाइनवरच आहे. गाडी भाड्याने घ्यायला लागेल कारण खेड्यांत बस कधीतरी येते, पण गाडी घेतली तर जुन्या गावात घालू नका, झेडटीएल म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग, तिथं कॅमेरे असतात आणि दंडाचं पत्र तुम्ही घरी पोचून सगळं विसरल्यावर येतं (मला दोन आली, एकाच गल्लीची).

आता चीज. पार्मिजानो रेज्जानो, म्हणजे अस्सल पार्मेझान चीज, जिथं बनतं त्याला काझेइफीचो म्हणतात. म्हणजे शेतात एक बुटकी इमारत, बाहेर दुधाचा टँकर, बाजूला छोटं दुकान, एवढंच. बुकिंग आधी करायचं, चीज उत्पादकांच्या संघाच्या साइटवरून होतं किंवा सरळ मेल टाकायचा, गूगल ट्रान्सलेटचं इटालियन त्यांना चालतं. आणि सकाळी साडेआठच्या आत पोचायचं. अकराला गेलात तर फरशी धुताना दिसतील आणि तुम्ही म्हणाल यात काय बघायचं होतं.

आत गेल्यावर प्लास्टिकचा कोट, टोपी, बुटांवर पिशव्या. गरम, दमट, तापलेल्या दुधाचा वास, आपल्या डेअरीत येतो तोच. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट हौदात ठेवलेलं असतं, सकाळी वरची साय काढून घेतात, खालचं दूध आणि सकाळचं साय न काढलेलं दूध एकत्र करून तांब्याच्या कढईत ओततात. कढई म्हणजे उलटी ठेवलेली देवळातली घंटा समजा, एकेकीत साधारण ११०० लिटर. मग त्यात काल चीज काढून उरलेलं आंबवलेलं पाणी घालतात, म्हणजे निवळीच. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी जोरात 'अरे हे तर विरजण!' म्हणालो आणि मराठीत म्हणालो, पण आम्हाला दाखवणाऱ्या बाईंनी मान हलवली. रोजच्या निवळीतली थोडी उद्यासाठी बाजूला काढायची, आपली आजी विरजणाची वाटी बाजूला ठेवायची तसंच.

त्यात रेनेट, म्हणजे दूध घट्ट धरायला लावणारा पाचक रस, पडलं की दहाएक मिनिटांत दूध धरतं. मग रवीच्या थोरल्या भावासारखं दिसणारं स्पीनो नावाचं हत्यार घेऊन ते फोडायचं, कणीएवढे दाणे होईपर्यंत, आणि मग ५५ डिग्रीपर्यंत तापवायचं. इथं मशीन थोडंफार काम करतं पण मुख्य माणूस मधूनमधून हात घालून मूठभर दाणे काढतो, दाबतो, उघडतो आणि काही न बोलता पुढे जातो. नंतर सगळं तळाशी बसतं, जवळजवळ तासभर काहीच होत नाही, याच वेळात टूरवाले ग्रुप कंटाळून बाहेर पडतात, तुम्ही पडू नका. कारण पुढचं खरं बघण्यासारखं आहे, दोघं जण लाकडी फळीने तळाचा गोळा वर उचलतात, त्याखाली कापड सरकवतात आणि चक्का टांगतात तसा तो प्रचंड पांढरा गोळा कढईवर टांगतात. मग सुरीने दोन तुकडे. त्यांना जुळीच म्हणतात. एका कढईतून दोनच चाकं, तयार झाल्यावर एकेक साधारण ४० किलोचं. पुढे मिठाच्या पाण्यात वीसेक दिवस आणि मग फळीवर, कमीत कमी १२ महिने.

गोडाऊन दाखवतातच. छतापर्यंत चाकं रचलेली असतात, मान दुखते. एक वर्ष झालं की संघाचा तपासनीस येतो आणि छोट्या हातोडीने प्रत्येक चाक ठोकून ऐकतो, आपण माठ घेताना टिचकी मारतो अगदी तस्सं, आत भेग किंवा पोकळी असली तर आवाज बदलतो. नापास झालं तर बाहेरचं नाव खरवडून काढतात. आणि हो, तिथं क्रेदेम नावाची बँक ही चाकं तारण ठेवून चीजवाल्यांना कर्ज देते, आपल्याकडे सोनेतारण तसं तिकडे चीजतारण, स्वतःच्या गोडाऊनात सांभाळते. कारण उघड आहे, दुधाचे पैसे आज द्यायचे आणि चीज विकायचं दोन वर्षांनी, मधे माणसाने खायचं काय. २०१२ च्या मे महिन्यात त्या भागात भूकंप झाले तेव्हा ही रॅकंच्या रॅकं कोसळली होती.

सासूबाईंचा मुद्दा. हे आधी वाचा आणि मग तिकीट काढा. पार्मिजानोत रेनेट वासराच्या जठरातलंच वापरतात, नियमच आहे, वनस्पतीजन्य चालत नाही. म्हणजे पार्मिजानो शाकाहारी नाही. मी आईला घेऊन गेलो तेव्हा मूर्खासारखं आधी चव दिली, तिने दोन तुकडे खाल्ले, छान आहे म्हणाली, आणि मग गाइडने तो रेनेटचा डबा दाखवला. आई काही बोलली नाही, पण हॉटेलवर येऊन अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी फक्त फळं खाल्ली. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा सासूबाईंना घरीच सांगा, मग त्यांचं त्या ठरवतील. आणखी एक, पार्माला 'तोर्ता फ्रित्ता' म्हणून टम्म फुगलेला तळलेला चौकोन मिळतो, मोदेनात त्यालाच न्योक्को फ्रित्तो म्हणतात, दिसायला हुबेहूब पुरी, पण पारंपरिक पद्धत डुकराच्या चरबीत तळायची आहे. पुरी म्हणून देऊ नका.

त्यांच्यासाठी एक दुपार मोदेनाजवळ अचेताइया, म्हणजे बाल्सामिक व्हिनेगर मुरवायची जागा, बघा. घराच्या माळ्यावर लहान होत जाणाऱ्या लाकडी पिपांची रांग, त्यात द्राक्षाचा उकळलेला रस वर्षानुवर्षं एका पिपातून दुसऱ्यात सरकत जातो. त्रादित्सिओनाले लिहिलेलं खरं बाल्सामिक १२ वर्षांच्या आत विकत नाहीत, २५ वर्षांच्या वरचं वेगळं. दोन थेंब चमच्यावर देतात. माझ्या आईने तोच चमचा तीनदा मागितला.

आता हॅम. चीज काढून उरलेली निवळी डुकरांना पाजतात, त्याच डुकरांच्या मांडीचं पार्मा हॅम, म्हणून मी म्हणतो की सकाळी चीज आणि दुपारी हॅम एकाच दिवशी बघा, गोष्ट आपोआप जुळते. पार्माच्या दक्षिणेला टेकड्यांत लांगिरानो आहे, तिथं जुन्या इमारतींना उंच अरुंद खिडक्यांच्या रांगा दिसतील, वारा आत घ्यायला. मांस आणि मीठ, बाकी काही नाही. घोड्याच्या हाडाची सुई चार-पाच ठिकाणी खुपसून लगेच नाकाला लावतात, हाड सच्छिद्र असल्याने वास पटकन धरतं आणि पटकन सोडतं. गोव्याचं चोरिस माहीत असेल तर त्याच्या अगदी उलट प्रकार, व्हिनेगर नाही, मसाला नाही, धूर नाही, नुसता वेळ. जवळच फेलीनो नावाचं गाव आहे, तिथलं सलामी प्रसिद्ध, आणि फेलीनोचा अर्थ मांजरासंबंधी असा निघतो म्हणून माझ्या मित्राने ते खाल्लंच नाही. गावाचं नाव आहे हो, डुकराचंच असतं.

गावातल्या दुकानात शिरताना मोठ्याने 'बोन जोर्नो' म्हणा, नंबरचं तिकीट घ्या, काचेवर बोट टेकवू नका. 'उन एत्तो' म्हणजे १०० ग्रॅम, हा एक शब्द आला की झालं. मांझो म्हणजे गाईबैलाचं, मायाले डुकराचं, कोनील्यो ससा. पाटीवर 'एक्वीना' दिसलं तर ते घोड्याच्या मांसाचं दुकान, पार्मात कच्चा घोड्याचा खिमा ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा वाचून आत जा. साडेबारा ते साडेतीन बहुतेक सगळं बंद, तिथं चिडून उपयोग नाही. आणि चव देतात म्हणून सगळं चाखून रिकाम्या हाताने निघू नका, एवढ्याशा दुकानात ते बरं दिसत नाही, निदान दोन एत्तो घ्याच.

घरी न्यायचं तर 'सोत्तोवुओतो' म्हणा, व्हॅक्यूम पॅक करून देतात. २४ महिन्यांचं आणि ३६ महिन्यांचं अर्धा अर्धा किलो घ्या, शेजारी ठेवून खाल्लं की फरक कळतो, जुन्यातले पांढरे कण मिठाचे नसतात, प्रथिनांतून तयार झालेले स्फटिक असतात. हॅम मात्र तिथंच खाऊन संपवा, भारताच्या कस्टमच्या फॉर्मवर मांस आणि दुधाचे पदार्थ दोन्ही विचारतात, डिक्लेअर करायला लागतं. लंडनवाले कुणी वाचत असतील तर एप्रिल २०२५ पासून युरोपातून मांस-चीज न्यायला बंदी आहे. आणि भारतातून जाताना पेढे नेऊ नका, दुधाचे आहेत, युरोपात चालत नाहीत.

दुकानात ती बदामाच्या आकाराची बुटकी चीजची सुरी दिसेल, घ्यावीशी वाटेलच. चेक-इन बॅगेत टाका. माझ्या दोन सुऱ्या बोलोन्या एअरपोर्टवर राहिल्यात.