वाचक विचारतात: सण असून डबा कोरडा का?

प्रश्न: आमच्या ऑफिसात अलिबागकडचे एक बेने इस्रायली साहेब आहेत, पेसाहचे ८ दिवस पाव-बिव काही खात नाहीत, डब्यात नुसती कडक पापडासारखी भाकरी. ही ज्यूंची दिवाळी ना ओ? मग असं कोरडं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: दिवाळी नव्हे ओ. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची ही आठवण, निघायची एवढी घाई की पीठ फुगायलाही वेळ नव्हता, म्हणून ती बिनयीस्टची कडक भाकरी, तिला मात्झा म्हणतात. पण खरी गंमत पहिल्या रात्रीच्या जेवणात, मिठाचं पाणी म्हणजे अश्रू, कडू पाला म्हणजे गुलामी, आणि इजिप्तवरच्या १० संकटांची नावं घेताना बरेच जण दरवेळी वाइनचा एक थेंब प्याल्याबाहेर टाकतात, कारण शत्रूचे हाल झाले तरी आपला प्याला काठोकाठ नको. मला तर हे लय भारी वाटतं. आणि प्रत्येक पिढीनं ‘मी स्वतःच इजिप्तमधून सुटलो’ असं मानायचं, सोडवणारा देव. पुरीम या ज्यूंच्या दुसऱ्या सणाचं उलट, तेव्हा वाचतात त्या एस्तेर राणीच्या हिब्रू ग्रंथात देवाचं नावच नाही, तो पडद्याआड. हनुका हा त्यांचा आणखी एक सण लढाईनंतरचा, पण दिवे लावतात ते यरुशलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं त्याचे. दिवाळीशी जोडायचाच तर हा हनुका जोडा, तेही दिव्यांपुरता.