ह्यूस्टनला निघण्याआधी: अटक, जामीन, वकील आणि पैसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर ह्यूस्टनला निघालोय, पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर सोबत येणार, धाकटा भाऊ पुढच्या वर्षी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकायला येईल. अमेरिकेत श्रीमंताला एक न्याय आणि गरिबाला दुसरा, असं सतत कानावर येतं. त्यात तथ्य किती, आणि आपल्यासारख्या पगारदार माणसाने आधीपासून काय तयारी ठेवावी?

तथ्य आहे. फक्त फरक पडतो तो आपल्याकडच्यापेक्षा वेगळ्या जागी. पोलिसाचे हात ओले करणं, आमदाराचा फोन, ओळखीचा इन्स्पेक्टर, हे सगळं डोक्यातून काढून टाका. गाडी थांबवणाऱ्या पोलिसापुढे नोट केली, तर टेक्सासमध्ये (ह्यूस्टन याच राज्यात येतं) तो लाच देण्याचा स्वतंत्र गुन्हा होतो आणि त्याला २ ते २० वर्षांची शिक्षा आहे. इथे पैसा कायद्याच्या चौकटीतूनच काम करतो: जामिनाची रक्कम, वकिलाचे तास, खासगी तपासनीस, स्वतःचा तज्ज्ञ साक्षीदार. त्यातही तो सर्वात जास्त कामाला येतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, खटला सुरू होण्याच्या कितीतरी आधी.

म्हणून जामिनापासून सुरुवात करतो. अटकेनंतर फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, मग ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात. ही भेट अनेकदा व्हिडिओवरच होते आणि काही मिनिटांत संपते. तिथे आकडा ठरतो. समजा ५,००० डॉलर ठरले. मग तीन वाटा असतात. पूर्ण रक्कम कोर्टाकडे भरली, तर सगळ्या तारखांना हजर राहिल्यावर किरकोळ कपात होऊन ती परत मिळते. नाहीतर बेल बॉण्डवाल्याला, म्हणजे फी घेऊन तुमच्यासाठी जामीन राहणाऱ्या खासगी एजंटला, साधारण १० टक्के, म्हणजे ५०० डॉलर द्यायचे. ते तुम्ही निर्दोष सुटलात तरी परत येत नाहीत. तिसरी वाट नुसत्या लेखी हमीवर सुटका, तिला पर्सनल बॉण्ड म्हणतात. शहरात नवा, नातेवाईक नाहीत, पत्ता दोन महिन्यांचा, अशा माणसाला हा तिसरा मार्ग मिळणं अवघड जातं. वकील सोबत असेल तर तो नोकरीचं पत्र, घराचा करार, बायको-मुलं इथेच असल्याचा पुरावा पुढे ठेवतो, आणि चित्र बदलतं.

हे ५०० डॉलर किती मोठे असू शकतात ते ह्यूस्टनशेजारच्या वॉलर काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) २०१५ मध्ये दिसलं. लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून सँड्रा ब्लँड यांची गाडी थांबवली, वाद वाढला, अटक झाली. जामीन ५,००० डॉलर, सुटायला लागत होते सुमारे ५००. ते जमेपर्यंत त्या कोठडीतच राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तिथे मृतावस्थेत सापडल्या. आता त्याच ह्यूस्टनमधलं दुसरं टोक पाहा. एन्रॉन या बुडालेल्या ऊर्जा कंपनीचे माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग यांच्यावर २००४ मध्ये आरोप ठेवले गेले. त्यांनी ५० लाख डॉलरचा जामीन भरला, घरी राहून वकिलांच्या फौजेसोबत बचावाची तयारी केली, आणि तुरुंगात स्वतःहून हजर झाले ते थेट डिसेंबर २००६ मध्ये. शिक्षा २४ वर्षांची झाली, पुढे २०१३ मध्ये ती १४ वर आली. म्हणजे श्रीमंतांना शिक्षाच होत नाही, हे खरं नाही. पण दोष सिद्ध होण्याआधीचा काळ कोणी कुठे काढायचा, हे उघडपणे पैशावर ठरतं, आणि माझ्या मते या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं तिथे यात थोडी सुधारणा झाली आहे. वैध लायसन्स नसताना गाडी चालवल्याबद्दल २०१६ मध्ये अटक झालेल्या मारांडा ओडॉनेल यांना २,५०० डॉलरचा जामीन परवडला नाही. त्यांनी काउंटीवर फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात दावा लावला. २०१७ मध्ये न्यायाधीश ली रोझेन्थल यांनी किरकोळ गुन्ह्यांतली ही जामीनपद्धत घटनाबाह्य ठरवली आणि २०१९ मध्ये तडजोड होऊन बहुतेक किरकोळ प्रकरणांत पैशाशिवाय सुटका सुरू झाली. घरगुती हिंसा किंवा पुन्हा दारू पिऊन गाडी चालवणं यांत ही सवलत आपोआप मिळत नाही. आणखी एक, आपली बरीच मंडळी शुगर लँडमध्ये घर घेतात. ते मुख्यतः फोर्ट बेंड काउंटीत आहे. काउंटी बदलली की जामिनाची रीतही बदलते, हे घर शोधताना कोणी सांगत नाही.

एच-१बीवाल्यासाठी जामिनाला आणखी एक बाजू आहे. दहा दिवस आत राहिलात की नोकरी जाऊ शकते. नोकरी गेली की नवी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि पत्नीचा एच-४ तुमच्याच व्हिसाला बांधलेला. त्यामुळे ५,००० ते १०,००० डॉलर अशा खात्यात ठेवा की जिथून पत्नी एकटी त्याच दिवशी रक्कम काढू शकेल. खातं फक्त तुमच्या नावावर असेल आणि पासवर्ड तुमच्या जप्त झालेल्या फोनमध्ये असेल, तर पैसे असून उपयोग नाही. मात्र भरण्याआधी वकिलाकडून एक गोष्ट तपासून घ्या: ठसे आपोआप इमिग्रेशन खात्याकडे जातात, आणि त्यांनी ‘होल्ड’ टाकला असेल तर जामीन भरल्यावर माणूस घरी येण्याऐवजी थेट त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो.

आता वकील. आपल्याकडे ‘सरकारी वकील’ म्हणजे आरोपीविरुद्ध उभा राहणारा. इथे लोक त्याच शब्दाने सरकारने फुकट दिलेल्या बचावाच्या वकिलाला ओळखतात, आणि फोनवर घरच्यांचा मोठा गोंधळ होतो. तो मिळण्याचा हक्क अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या गिडियन निकालाने दिला, पण ऐपत नसलेल्यांनाच. भावाला विद्यार्थी म्हणून तो बहुधा मिळेल, तुमच्या पगारावर तुम्हाला बहुधा नाही. हे वकील वाईट नसतात, अनेकदा खासगी वकिलापेक्षा त्यांना ते कोर्ट जास्त ठाऊक असतं. अडचण असते ती एकाच वेळी हातात असलेल्या प्रकरणांच्या ढिगाची. खासगी वकील साध्या प्रकरणाला काही हजार डॉलर ठोक घेतो, गंभीर गुन्ह्यात आकडा अनेक पटींनी वाढतो. त्या ठोक रकमेत खटला धरलेला आहे की फक्त तडजोडीपर्यंतचं काम, हे लेखी घ्या. इथे बहुतेकांची फसगत होते.

तडजोड, म्हणजे सवलतीच्या बदल्यात गुन्ह्याची कबुली, हा शब्द महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात नोंदवलं आहे की फेडरल कोर्टातल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. ज्यूरीपुढचा खटला हा अपवादच. आत बसलेल्याला सरकारी बाजू सांगते, कबूल कर, आतापर्यंत काढलेले दिवस शिक्षेत धरू, आज घरी जा. निर्दोष माणूससुद्धा सही करतो, कारण नाकारलं तर आणखी महिने आत. जामिनावर बाहेर असलेल्यावर हे दडपण नसतं. पुरावे मागवायला, व्हिडिओ तपासायला, साक्षीदार शोधायला त्याच्याकडे वेळ असतो.

परदेशी नागरिकासाठी या सहीत मोठा सापळा आहे. टेक्सासमध्ये ‘डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’ नावाची सोय आहे: कबुली द्या, न्यायाधीश दोषी ठरवणं पुढे ढकलतात, अटी पाळल्या की प्रकरण बंद. टेक्सासच्या लेखी ती शिक्षा नाही. इमिग्रेशन कायद्याच्या लेखी मात्र कबुली अधिक कोणतंही बंधन म्हणजे शिक्षाच. इथल्या नागरिकाला जे चांगलं, ते तुम्हाला देशाबाहेर काढू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पाडिला निकालानुसार हद्दपारीचा धोका समजावून सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरीही सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी घ्या. कबुलीशिवायचं ‘प्रीट्रायल डायव्हर्जन’, म्हणजे खटल्याआधीच अटी पाळून प्रकरण बंद करणं, मिळू शकतं का, हे आवर्जून विचारा.

चोरीचं उदाहरण घ्या, कारण भारतीयांवर हा प्रसंग येतो तो दुकानातल्या सेल्फ-चेकआउटवर. टेक्सासमध्ये १०० डॉलरखालची वस्तू ‘क्लास सी’, फक्त दंड, ५०० डॉलरपर्यंत. १०० ते ७५० ‘क्लास बी’, १८० दिवसांपर्यंत कैद. ७५० ते २,५०० ‘क्लास ए’, एक वर्षापर्यंत. अमेरिकेत प्रवेश केल्यापासून पाच वर्षांत केलेला आणि एक वर्षाची शिक्षा होऊ शकणारा असा गुन्हा हद्दपारीला पुरतो. प्रत्यक्ष एक दिवसही आत गेला नाहीत तरी. म्हणून ‘ए’चं ‘बी’ करून घेणं हेच चांगल्या वकिलाच्या फीचं खरं मोल. आणि ‘सी’ची पावती आली म्हणून ऑनलाइन दंड भरून मोकळे होऊ नका. दंड भरणं हीच कायद्याने कबुली धरली जाते, आणि नाव लागतं चोरीचं.

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी अमेरिकी वकिलात पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकते. घरातल्या भांडणात शेजाऱ्याने फोन केला आणि अटक झाली, तर पत्नीने तक्रार मागे घेतल्याने प्रकरण संपत नाही. चालवायचं की नाही ते आरोपीविरुद्ध खटला चालवणारा सरकारपक्षाचा मुख्य वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी ठरवतो. मॅजिस्ट्रेट तुम्हाला काही आठवडे घरी जाऊ न देण्याचा आदेश काढू शकतो. म्हणजे दुसऱ्या जागेचं भाडं आलं, आणि आदेश मोडणं हे स्वतंत्रपणे हद्दपारीचं कारण आहे, पत्नीने स्वतः बोलावलं तरी.

सत्तेचं म्हणाल, तर टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी आणि न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात, वकील त्यांना उघडपणे निवडणूक निधी देतात. पण तुमच्या पातळीवर वशिल्याचा प्रश्न येतच नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, तेव्हा पदाने अटक टळली नाही. सुटका त्याच दिवशी झाली ती अडीच लाख डॉलरच्या बॉण्डवर. ह्यूस्टनमध्ये भारतीय वाणिज्य दूतावास आहे. त्यांना कळवा म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते वकिलांची यादी देतील, घरच्यांशी संपर्क करतील, सोडवू मात्र शकणार नाहीत.

अटकेच्या वेळी नाव, पत्ता, जन्मतारीख खरी सांगा. मग स्पष्ट शब्दांत म्हणा की मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय आणि मला वकील हवा. नुसतं गप्प बसणं पुरत नाही. तो हक्क उच्चारावा लागतो. झडतीला संमती देऊ नका, पण अडवूही नका. कोठडीतला फोन रेकॉर्ड होतो, तेव्हा प्रकरणाबद्दल बायकोशी मराठीतही बोलू नका. भाषांतर करून घेतलं जातं. पत्नीचा आणि एका वकिलाचा नंबर पाठ ठेवा, कारण मोबाइल हातात नसेल. भावालाही हे सगळं विमानात बसण्याआधी सांगा.

प्रकरण रद्द झालं, तर टेक्सासमध्ये ‘एक्स्पंक्शन’ने नोंद पुसून घेता येते. त्याआधी अटकेच्या आणि कोर्टाच्या अंतिम आदेशाच्या प्रमाणित प्रती चार-पाच काढून भारतात एक आणि इथे बाकीच्या ठेवा. ग्रीन कार्डच्या अर्जात कधीही अटक झाली होती का असं विचारतात, पुसलेली नोंदही सांगावी लागते, आणि तोवर कोर्टाकडे ती फाइल उरलेली नसते.