तुमचे प्रश्न : आठ फरक सापडतात, शेवटचे दोन सापडतच नाहीत!

प्रश्न : ताई, माझी मुलगी 9 वर्षांची आहे. गणित येतं तिला, पण पेपरात बेरजेच्या जागी वजाबाकी करून येते, प्रश्न अर्धाच वाचते. मैत्रीण म्हणाली रोज 'फरक ओळखा'ची चित्रं सोडवायला दे, लक्ष सुधारेल. खरंच सुधारतं का?

उत्तर : नुसती चित्रं सोडवून गणितातलं लक्ष आपोआप सुधारेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. 2010 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, 11,430 मोठ्या माणसांना 6 आठवडे कॉम्प्युटरवर ब्रेन ट्रेनिंगचे गेम खेळायला दिले होते, आणि झालं काय तर जो गेम खेळले त्यात सगळे पटाईत झाले पण त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या कामातसुद्धा त्याचा उपयोग दिसला नाही.

तरीही मी म्हणते चित्रं द्या, कारण त्यातून बघायची पद्धत शिकवता येते, आणि ती तिला कोणी शिकवलेली नसते, आपण फक्त 'नीट बघ' म्हणून ओरडतो. नीट म्हणजे कसं? हात समोर लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी एकदम स्पष्ट दिसतो, बाकीचं सगळं धूसर असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरतो आणि पूर्ण चित्र दिसतंय असं आपल्याला वाटत राहतं. मुलांच्या उड्या रंगीत, मोठ्या, मधल्या वस्तूंवर पडतात, कोपरे राहूनच जातात. म्हणून चित्रावर पेन्सिलने चार चौकोन पाडा, एक चौकोन संपल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही, आणि तिला मोठ्याने बोलू द्या, खिडक्या किती, शर्टाला बटणं किती, सावली कुठल्या बाजूला. 10 मिनिटं पुरे.

आणि मग, हे विसरू नका, त्याच दिवशी तीच पद्धत गणिताच्या वहीत न्या. गणित सोडवायच्या आधी चिन्हाला गोल करायचा, प्रश्नातला प्रत्येक आकडा बोटाने दाखवायचा. चित्रातलं वहीत आपलं आपण उतरत नाही, ते तुम्हालाच उतरवावं लागतं, सुरुवातीला तर शेजारी बसूनच. आणि शेजारी बसून उत्तर सांगू नका हं, फार मोह होतो.

प्रश्न : मी 64 वर्षांचा, रिटायर्ड. पुरवणीतल्या चित्रातले 10 पैकी 8 फरक पटापट सापडतात, शेवटचे दोन काही केल्या नाहीत, आणि उत्तर बघितलं की ते नाकासमोरच असतात. ही विसरभोळेपणाची सुरुवात तर नाही ना?

उत्तर : काका, फक्त यावरून असा अर्थ मुळीच काढू नका, हे तरुणांचंही होतं. काही फरक एकदम डोळ्यात भरतात, हिरव्या पानांत एक लाल पान असलं की शोधावं लागतच नाही. पण रंग आणि आकार दोन्ही मिळून जुळवायचे असले की एकेक वस्तू तपासत जावं लागतं, अ‍ॅन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 साली हे मांडलं होतं. तुमचे पहिले आठ बहुतेक पहिल्या जातीचे, उरलेले दोन दुसऱ्या.

शिवाय नजर पडली म्हणजे दिसलंच असं नाही. 2013 साली 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमधल्या गाठी शोधायला दिल्या होत्या आणि त्यात मुद्दाम एका गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं, तरी 20 जणांना तो दिसला नाही! डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या त्यात कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. म्हणजे रोज स्कॅन बघणाऱ्यांनाही मनात जे शोधत नव्हते ते दिसलं नाही.

म्हणून अडलात की परत परत तेच चित्र बघू नका, प्रश्न बदला. आता फक्त सावल्या, आता फक्त मोजण्यासारख्या गोष्टी, आता फक्त काय गायब आहे ते, गायब झालेलं सगळ्यात उशिरा लक्षात येतं असा माझा अनुभव आहे. चित्र उलटं धरून बघा, मग ते घर किंवा माणूस न वाटता नुसते आकार वाटायला लागतात. दोन्ही चित्रं डोळे तिरळे करून एकावर एक आणायची युक्तीही आहे, फरकाची जागा लुकलुकते, पण त्याने कोडं सुटतं, निरीक्षण शिकायला मिळत नाही, मला तरी ती आवडत नाही.

हां, बारीक अक्षरं वाचतानाही त्रास होत असेल तर डोळे तपासून घ्या, आणि रोजच्या कामात सारखं विसरायला होत असेल तर डॉक्टरांशी बोला, कोड्यावरून ठरवू नका.

प्रश्न : लपलेल्या वस्तू शोधायच्या मोबाइल गेममध्ये टायमर चालू ठेवावा की बंद?

उत्तर : शिकत असाल तोवर बंद. घड्याळ पळायला लागलं की माणूस बघायचं सोडून कुठेही टॅप करत सुटतो. चुकीच्या टॅपला पॉइंट कापायची सोय गेममध्ये असेल तर ती मात्र जरूर चालू करा.